टर्बोवरची पट्टी

शिरसाठ मॅडमचा डबा दोन कप्प्यांचा होता. वरच्या कप्प्यात पोळी, भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, खालच्या कप्प्यात कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या. धूळ लागत नाही, वाकत नाहीत आणि कोणी चोरत नाही, असं त्यांचं म्हणणं. नवीन आलेल्या शिपायाने एकदा जेवणानंतर डबा उचलला आणि भल्या मनाने दोन्ही कप्पे घासायला निघाला. मॅडमनी त्याला जिन्यात गाठलं. ओरडल्या नाहीत. डबा त्याच्या हातातून काढून घेतला आणि तिथेच पायरीवर बसून राहिल्या, एवढंच. त्या दिवसापासून शिपाई त्यांच्या टेबलाजवळून जाताना अंग चोरून जाऊ लागला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळ्याला आग्रा रोडवर, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मालक होते नाना. आधी त्यांची टायपिंगची शाळा होती. टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पाटी बदलली. पण नानांचा कपाळावरचा टिळा आणि ‘बसा, चहा घ्या’ तेच राहिलं. मी धरणगावचा, तिथे हिशेबाचं पॅकेज शिकवायचो. मॅडम पिंपळनेरच्या, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या, आणि मशीनचं जे काही असेल ते सगळं त्यांच्याकडे.

एसीच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, हा तेव्हाचा धर्म. फरशी बर्फासारखी लागायची. आम्ही पंजे आखडून बसायचो. मॅडम मात्र टेबलाच्या खणातून राखाडी रंगाचे पायमोजे काढायच्या आणि साडीखाली चढवून ऐटीत फिरायच्या. मुली तोंडाला पदर लावून हसत. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्यांना एकाच गोष्टीचं होतं: चुकीच्या वेगाने चालणारी वस्तू त्यांना सहन व्हायची नाही.

हा त्यांचा छंद म्हणा, खूळ म्हणा, जुन्या खेळांवरून सुरू झाला. कॉम्प्युटरवरचे पहिले खेळ संथ मशीनसाठी लिहिलेले होते. त्या खेळांना घड्याळ कळायचं नाही. मशीन जेवढं पळेल तेवढा खेळ पळायचा. नवीन मशीन आलं की तोच खेळ लावला न लावला तोच संपायचा. गाडी सुरू होण्याआधी आपटायची, माणूस उडी मारण्याआधी मरायचा. सगळे म्हणायचे, जुना झाला, फेका. मॅडम म्हणायच्या, “खेळ चांगला आहे. त्याला खाली बसायला जागा द्या.”

ती जागा करून देण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. आधी त्या जुन्या मशीनवर तो खेळ लावायच्या आणि नुसत्या बघत बसायच्या. उजव्या हाताचा अंगठा टेबलाच्या कडेवर हळूहळू ठोके देऊ लागायचा. चेंडू भिंतीला लागला, ठोका. माणसाने पाऊल टाकलं, ठोका. ताल अंगठ्यात बसला की त्या उठून नवीन मशीनकडे जायच्या. कुठे मेमरी मोकळी कर, कुठे मशीनला वेग देणारी कॅश मेमरी बंद कर, मशीनला मध्ये मध्ये उगाच थांबवणारा एक छोटा प्रोग्रॅम लाव, त्याचा आकडा वाढव, कमी कर. अंगठा चालूच. पडद्यावरचा खेळ आणि अंगठा जुळले की मगच पाणी प्यायच्या. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, इंजिनचा आवाज ऐकून सांगायचे काय बिघडलंय. कान त्यांचा आणि अंगठा माझा, असं मॅडम एकदाच म्हणाल्या होत्या. वडिलांविषयी त्यापलीकडे कधी बोलल्या नाहीत.

जुन्या मशीनच्या पुढच्या बाजूला ‘टर्बो’ नावाचं बटण असे. दाबलं की मशीन पळे, सोडलं की रांगे. पोरांना ते दाबायची भारी हौस. मॅडमनी प्रत्येक टर्बोवर डॉक्टरी चिकटपट्टी लावून टाकली होती. ओळीने सगळ्या मशीनना जखमा झाल्यासारखं दिसायचं.

एकदा नवीन मशीन बघायला नाना आम्हा दोघांना जळगावला घेऊन गेले. दुकान झकपक होतं. विक्रेत्या पोराने रुबाब दाखवायला एक जुना गाडीचा खेळ लावला. कळ दाबताच गाडी पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जाऊन फुटली. “बघा स्पीड,” तो म्हणाला.

“चालवून दाखवा,” मॅडम म्हणाल्या.

त्याने पुन्हा लावली. पुन्हा फुटली. नाना खाकरले. मॅडम म्हणाल्या, “भाऊ, हा स्पीड नाही, अपघात आहे. सरका जरा.” आणि डबा उघडला. विक्रेत्याला वाटलं बाई आता जेवायला बसतात. खालच्या कप्प्यातून फ्लॉपी निघाली, अंगठा सुरू झाला, आणि थोड्या वेळाने गाडी वळणं घेत निवांत चालू लागली. दुकानातली चार गिऱ्हाइकं भोवती जमली, खेळत बसली. मशीन कोणी विकत घेतलं नाही. दुकानदाराने आम्हाला द्यायची सवलत रागाने मागे घेतली. परतीच्या एसटीत नाना पारोळ्यापर्यंत मॅडमशी बोलले नाहीत. मॅडम खिडकीतून बाहेर बघत मजेत बसल्या होत्या. मला मात्र त्या दिवशी त्यांची थोडी भीती वाटली. या बाईला कुठे थांबायचं ते कळत नाही, असं वाटून गेलं.

नवीन मशीन घेतलीच शेवटी. त्यांना टर्बोचं बटणच नव्हतं. पट्टी लावणार कशावर? मॅडम दोन दिवस धुसफुसत होत्या.

त्याच सुमाराला सुनंदा आली. साक्री रोडवरच्या एका खेड्यातली, बारावी झालेली, हुशार. पण कीबोर्डसमोर बसली की बोटं आखडून जायची. एका सरकारी खात्यात टायपिस्टच्या जागा निघणार होत्या आणि टायपिंगची चाचणी कॉम्प्युटरवर, आमच्याच क्लासमध्ये होणार होती. घरी स्थळ येऊन बसलेलं. वडील दुधाचा धंदा करायचे, सायकलला कॅन लावून रोज धुळ्यात यायचे. ते क्लासमध्ये येऊन अहिराणीत सरळच बोलले. “मॅडम, हाई परीक्षा दी लेऊ दे. पास व्हयनी ते नोकरी. नई ते मी लगीन लाई देस. मी शबद दियेल शे पाव्हणासले.”

सुनंदा खाली मान घालून उभी होती. मॅडम तिला म्हणाल्या, “काय वं, भेव लागस का?”

“मशीन वाट नई दखत मॅडम,” ती म्हणाली. “मन्हं बोट जावाना आगोदर ते फुढे निंघी जास.”

मॅडमनी तिला टायपिंगचा धडा दिलाच नाही. त्यांच्याकडे एक जुना खेळ होता. काळ्या आकाशातून इंग्रजी अक्षरं पडायची, खाली एक छोटं गाव. अक्षर जमिनीला टेकायच्या आत ते दाबलं की आकाशातच फुटायचं. नवीन मशीनवर अक्षरांचा नुसता पाऊस कोसळून गाव क्षणात भुईसपाट व्हायचं. मॅडमनी सहा नंबरच्या मशीनवर तो खेळ आपल्या प्रोग्रॅमने असा संथ केला की अक्षरं कापसाच्या बोंडातून उडाल्यासारखी तरंगत खाली येऊ लागली. सुनंदा चुकली की त्या एवढंच म्हणायच्या, “मशीनले घाई शे, तुले नई.” आठवड्या-आठवड्याने त्या आकडा थोडा बदलायच्या, अक्षरं थोडी लवकर पडायची, आणि सुनंदाला पत्ताही लागायचा नाही. तिची बोटं सुटत गेली. दसऱ्याच्या सुमारास ती परीक्षेच्या वेगाच्या अगदी दारात येऊन उभी होती.

एरवी मॅडमचा नियम कडक होता. आपला प्रोग्रॅम फ्लॉपीवरूनच चालवायचा, क्लासच्या मशीनमध्ये काही ठेवायचं नाही. पण त्या आठवड्यात सहा नंबरचा फ्लॉपी ड्राइव्ह बिघडला. शेवटचा सराव बुडू नये म्हणून त्यांनी प्रोग्रॅम आत ठेवला, मशीन चालू केलं की आपोआप सुरू होईल असा. त्यात एक खोट होती, ती त्यांना माहीत होती. मशीनला थांबवता थांबवता तो प्रोग्रॅम मशीनच्या घड्याळालाही मागे पाडायचा. चाचणीची वेळ त्याच घड्याळावर मोजली जाणार, म्हणून परीक्षेआधी काढून टाकायचा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

पण मध्ये खंडेनवमी आली. सकाळी मॅडम क्लासवर आल्या तेव्हा नाना सोवळ्यात, आणि पूजा होऊन गेलेली. प्रत्येक मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळद-कुंकू, समोर नारळ.

“नाना, सहा नंबर एकदा चालू करते. एक गोष्ट काढायची आहे.”

“आज नाही मॅडम.”

“पाच मिनिटं.”

“आज हत्यारांना विश्रांती. लोहार घण उचलत नाही, माझे वडील टाइपरायटरला हात लावू देत नसत. परवा सकाळी काढा.”

मॅडम दारात उभ्या राहिल्या. हात पुढे गेला होता, तो मागे आला. जळगावच्या दुकानात कोणालाही न जुमानणारी ही बाई नानांच्या झेंडूच्या हारापुढे थांबली. मला त्याचं तेव्हा बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी परीक्षा. परीक्षक साहेबांना दुपारची गाडी गाठायची होती, म्हणून त्यांनी परीक्षा ठरल्या वेळेच्या आधीच सुरू केली आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं. मॅडम प्रोग्रॅम काढायला लवकर आल्या होत्या, पण तोवर काचेपलीकडे सगळे बसले होते. सहा नंबरवर सुनंदा. तिने ती जागा मागून घेतली होती, सवयीची म्हणून. कळांच्या फटीत अजून कुंकू होतं.

मॅडम दार ठोठावायला निघाल्या. नानांनी हात धरला. “पोरं दचकतील. काय झालं?”

मॅडम काचेला नाक लावून उभ्या राहिल्या आणि अंगठा काचेच्या चौकटीवर ठोके देऊ लागला. मी शेजारीच होतो. आत कळांचा आवाज, बाहेर तो अंगठा. मग एक एक पडदा थांबू लागला. पोरं हात झटकत, आळस देत उठू लागली. सहा नंबर चालूच होतं. सुनंदा मान वर न करता कळा मारत होती, आणि मॅडमचा अंगठा थांबला. शेवटी तिचाही पडदा थांबला. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. एखादी उशिरा सुरू झाली असेल, असं त्यांना वाटलं असावं.

दार उघडलं. सुनंदा पास होती. खाली दुकानाच्या पायरीवर तिचे वडील बसले होते, कोणीतरी जिन्यावरून त्यांना ओरडून सांगितलं.

मॅडम नानांना पाण्याच्या माठाजवळ घेऊन गेल्या. “सहाचं घड्याळ मागे होतं. तिला जास्त वेळ मिळाला.”

नानांनी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाले, “मॅडम, गप बसा. कोणाला कळलंय? पूजेचं मशीन होतं. देवीने दिलं म्हणा पोरीला.”

“देवीने नाही नाना. माझ्या फ्लॉपीने दिलं.”

“तिचं लग्न लावून टाकतील.”

“आणि हिच्यामुळे ज्याचं नाव यादीतून जाईल, त्याच्या घरी काय असेल ते आपल्याला माहीत आहे का?” मॅडम म्हणाल्या. “कचेरीत पहिल्या दिवशी साहेब समोर कागद ठेवेल. तिथलं घड्याळ कोण थांबवणार? मी जाऊ का रोज तिच्यासोबत?”

नाना बोलत राहिले. परीक्षेचं केंद्र पुन्हा मिळणार नाही, क्लासचं नाव जाईल, सगळं खरंच होतं. मॅडम आत गेल्या आणि सगळ्यांसमोर साहेबांना सांगून टाकलं.

साहेब वैतागले. “मग हिचं रद्द करतो.”

“रद्द नाही. दुसऱ्या मशीनवर पुन्हा घ्या. चूक तिची नाही, माझी आहे.”

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि घेतली. सुनंदा तीन नंबरवर बसली. रडू आवरत ती मध्येच ओढणीने पडदा पुसत होती. पडदा स्वच्छच होता. ती नापास झाली. थोडक्यात, पण नापास.

जिन्यात ती मॅडमसमोर थांबली. “मॅडम, तुमीन मन्हं वाटोळं करं,” एवढंच म्हणाली आणि खाली उतरली.

मॅडम तिच्यामागून गेल्या. मीही गेलो, काय होईल या धास्तीने. पायरीवर सुनंदाचे वडील हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. दुसरी बातमी त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती. मॅडमनी ती सांगितली, काही न लपवता, सगळा दोष स्वतःवर घेऊन.  पुड्याची दोरी सोडलेली होती.

“दादा, उन्हाळ्यात, आखाजीच्या आत पुन्हा परीक्षा आहे. तोवर थांबा,” मॅडम म्हणाल्या.

“आनि तवलगून तिले कोन शिकाडी?”

“मी.”

 सुनंदा पाठ करून उभी होती. वडिलांनी पुडा मॅडमपुढे धरला. “पेढा लियेल शेतस, ल्या. आते परत कोठे नेऊ?”

मॅडमनी एक पेढा घेतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला.  त्या बाईविषयी काय वाटतं ते मला त्या पायरीवर कळलं, आणि ते आदराहून जास्त होतं.

नानांनी त्यांना काढलं, असं लोक म्हणतात. तसं नाही. नाना त्या संध्याकाळी नुसते गप्प बसले, आणि मॅडमनी ते गप्प बसणं समजून घेतलं. डबा उचलला आणि गेल्या. पायमोजे खणात राहिले.

सुनंदा पुढे पास झाली, जळगावच्या एका कचेरीत लागली. हे आधीच सांगून टाकतो, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मला आठवते ती त्या परीक्षेच्या आधीची एक दुपार. पायमोज्यांचं निमित्त काढून मी धुळ्यातच देवपुरात मॅडमच्या खोलीवर गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आलेली, समोरच्या निंबाला पोरींनी झोका बांधला होता. दार उघडंच होतं.

आत एक जुनं, उसनवार भागांतून जुळवलेलं मशीन होतं. त्याला टर्बोचं बटण होतं आणि बटणावर पट्टी होती. सुनंदा समोर बसून अक्षरं फोडत होती. मॅडम तिच्या मागे भिंतीला टेकून उभ्या, अंगठा चालू. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच बाहेर येऊन म्हणाल्या, “रोज येते. दसऱ्यापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.”

“मग तुम्ही शिकवता कसं?”

“मी बोलते. ती मारते.” हसायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. पायमोजे हातात घेतले आणि घडी उलगडून पुन्हा घातली.

आम्ही उंबऱ्याशी उभे होतो. आत अक्षरं येत होती आणि जमिनीपासून उंच, आकाशातच फुटत होती. खालच्या गावाला एकही लागत नव्हतं. सुनंदाचे हात दोन अक्षरांच्या मध्ये वाट बघत थांबत होते. खेळ संपला. ती पडद्याकडे बघत तशीच बसली. मग मान न वळवता म्हणाली,

“मॅडम, पट्टी काढू का?”

 झोक्यावरच्या पोरी मोठ्याने गात होत्या.

“काढ,” त्या म्हणाल्या.

सुनंदाने नखाने पट्टीचं टोक उचललं, सावकाश सोलून काढली आणि टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवली. बटण दाबलं. मशीनवरचा छोटा दिवा लागला. अक्षरं भराभर कोसळू लागली आणि तिची बोटं त्यांच्या मागे धावली. मॅडम आत जाऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर, पट्टीच्या शेजारी टेकलेला होता आणि हलत नव्हता.